वळवाला पुरून उरणारे छप्पर

श्रीगोंदा तालुक्यात लिंबाच्या बागांच्या कडेला, मळ्यातल्या बंगल्यांपुढे, रस्त्यालगतच्या हॉटेलांच्या आवारात हल्ली गझेबो उभे राहू लागले आहेत. चार किंवा सहा खांब, वर निमुळते होत गेलेले छप्पर आणि खाली बसायला कट्टा. हौस रास्त आहे. मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या पुढे गेला की तापलेल्या स्लॅबखाली बसण्यापेक्षा बागेतल्या सावलीत बसणे कितीतरी सुखाचे. पण बहुतेक ठिकाणी पैसा आणि विचार दोन्ही फरशी, कट्टा आणि दिव्यांवर खर्च होतात आणि छपराची पाळी शेवटी येते. मग उरलेल्या पैशांत चार पाइप जोडून वर पत्रा ठोकला जातो. एक-दोन उन्हाळे निभावतात आणि एखाद्या वळवात तोच पत्रा शेजारच्या उसात जाऊन पडतो.

म्हणून पहिले सांगणे हेच, की गझेबोचे काम छपरापासून सुरू करा. छपराचा आकार, उतार आणि वजन आधी कागदावर ठरवा. खांब किती जाड, पाया केवढा, जोते कुठवर, हे त्यावरून ठरत जाते.

इथल्या छपराची खरी परीक्षा

मोबाइलवरची चित्रे पाहून गझेबो निवडला जातो आणि ती चित्रे बहुधा केरळची, गोव्याची किंवा बालीची असतात. तिथली उंच, उभट छपरे धो धो पावसासाठी घडली आहेत. श्रीगोंद्यात वर्षाला 500 मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, महाबळेश्वरात त्याच्या दहापट. पाण्याचा निचरा हा आपला मोठा प्रश्न नाहीच. इथे छपराला तीन गोष्टी सोसायच्या असतात. आठ महिन्यांचे कडक ऊन, अधूनमधून गारपीट आणि या सगळ्यांच्या वर वारा.

वाऱ्याचेही दोन प्रकार. आषाढात पश्चिमेकडून दिवसदिवस वाहणारा वारा जोरकस असतो, पण त्याची दिशा आणि चाल ठरलेली असते. एप्रिल-मेमधला वळवाचा वारा तसा नसतो. दुपारी ढग भरून येतात, धुळीचा लोट उठतो आणि पाच-दहा मिनिटांत वारा कोणत्याही बाजूने झोडपून जातो. शिवाय समुद्रावरची वादळेही कधीकधी घाट ओलांडून आत येतात. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि तिथून पुणे, नाशिक जिल्ह्यांकडे सरकले. डोंगरापलीकडे राहतो म्हणून आपण सुरक्षित, हे गृहीत धरता येत नाही.

भिंतींच्या खोलीवर छप्पर असते तेव्हा वारा भिंतींना अडतो आणि वरून निघून जातो. गझेबोला भिंती नसतात. वारा सरळ आत शिरतो, छपराला खालून वर ढकलतो आणि त्याच वेळी वरून वाहणारा वारा छपराला वर ओढतो. भर पावसात उघडी छत्री जशी हातातून निसटू पाहते तसा हा जोर असतो. म्हणून गझेबोचे छप्पर खांबांनी तोलून धरणे जेवढे महत्त्वाचे, त्याहून अधिक ते जमिनीशी बांधून ठेवणे महत्त्वाचे आहे.

हा जोर किती, याचा अंदाज घेता येतो. इमारतींवरच्या वाऱ्याच्या भारासाठी भारतीय मानक 875 चा तिसरा भाग वापरतात. त्यात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 140 किलोमीटर धरला आहे. श्रीगोंद्यासाठीही तोच धरून चालावे. या वेगाच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण 90 किलो होतो. आता वळचणीपासून वळचणीपर्यंत 13 फूट लांब आणि 13 फूट रुंद असे चौकोनी छप्पर घ्या. त्याखालची जागा 169 चौरस फूट, म्हणजे जवळपास 15.7 चौरस मीटर. दाबाच्या निम्मा जोर जरी छपराला उचलण्यात लागला, तरी तो सुमारे 700 किलो झाला. पूर्ण लागला तर 1,400 किलो. एवढ्या छपरावर अर्धा मिलीमीटर जाडीचा पत्रा घातला तर त्या पत्र्याचे वजन शंभर किलोही भरत नाही. पत्रे उडतात ते याच हिशेबामुळे.

कौल ते पाया, एकच साखळी

छपराचा सगळ्यात वरचा तुकडा रिपेला धरलेला हवा, रीप वाशाला, वासा तुळईला, तुळई खांबाला आणि खांब पायाला. या साखळीत एक कडी कच्ची असली तर वारा बरोबर तीच शोधतो. काम पाहायला जाल तेव्हा वरून खाली असा एकेक जोड बघत या आणि प्रत्येक ठिकाणी मिस्त्रीला एकच प्रश्न विचारा, की हे खालून उचलले तर काय धरून ठेवणार? उत्तर 'वजन' असे आले तर वजन मोजा. 'खिळा' असे आले तर तिथे बोल्ट, स्क्रू किंवा पट्टी मागा.

पायापासून पाहू. भीमा आणि घोड नदीच्या काठच्या गावांत काळी माती खोल आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर टेकलेला पाया दरवर्षी थोडा हलतो आणि दोन-तीन वर्षांत छपराचे जोड तिरके होऊ लागतात. काळी माती पार करून मुरमापर्यंत जावे. मुरूम फारच खोल असेल तर खड्डा तळाशी रुंद करून घ्यावा. माळरानाच्या गावांत उलटी अडचण येते. तिथे फुटाभरावर मुरूम लागतो आणि गवंडी म्हणतो, आता खोदायची गरज नाही. खांब खचू नये एवढ्यापुरते त्याचे बरोबर आहे. पण खांब उपटून निघू नये यासाठी पायाला स्वतःचे वजन लागते. दीड फूट लांब, दीड फूट रुंद आणि तीन फूट खोल असा काँक्रीटचा ठोकळा सुमारे साडेचारशे किलोचा होतो. असे चार ठोकळे म्हणजे अठराशे किलो. वरचा हिशेब आठवला तर हा खड्डा का खोदायचा, हे मुरमाच्या शेतमालकालाही पटेल.

काँक्रीट ओततानाच त्यात 16 मिलीमीटरचे, खाली वाकवलेले चार बोल्ट दीड फूट आत जातील असे सोडावेत आणि ते आतल्या सळ्यांना बांधावेत. त्यावर 10 मिलीमीटर जाडीची आठ इंची लोखंडी पाटी आणि पाटीवर खांब. खांबाचा तळ जमिनीपासून किमान सहा इंच वर असावा. लोखंडी खांब थेट मातीत गाडला तर तो जमिनीलगतच्या चार बोटांत गंजून तुटतो. लाकडी खांबाचे तर विचारूच नका, वाळवीला घरचे जेवण मिळते. लाकूडच हवे असेल तर ते लोखंडी बुटात बसवावे. खाली दोन बोटे मोकळी जागा राहिली की पाणी साचत नाही आणि वाळवीची मातीची नळी वर चढू लागली की नजरेला पडते.

खांबांसाठी 75 मिलीमीटरचा चौकोनी पाइप, तीन मिलीमीटर जाडीचा, या मापाच्या गझेबोला चांगला. दुकानात त्याच मापाचा पातळ पाइपही मिळतो आणि रंग दिल्यावर फरक कळत नाही. म्हणून वजन करून घ्यावा. पाइपची वरची तोंडे पत्र्याचा तुकडा वेल्ड करून बंद करावीत, नाहीतर पाऊस आत साचतो आणि पाइप आतून गंजतो.

खांबांच्या डोक्यावरून जाणारी तुळई चारही बाजूंनी अखंड असली पाहिजे. ही गोष्ट फॅब्रिकेटरला पुन्हा पुन्हा सांगावी लागते. चार कोपऱ्यांवरचे वासे, म्हणजे कोनवासे, वर एका टोकाला भेटतात आणि छपराच्या वजनाने खाली बाहेरच्या बाजूला रेटू लागतात. तुळईचे चार कोपरे पक्के जोडलेले असतील तर तो रेटा तिथेच अडतो आणि आत आडवे लग टाकायची गरज पडत नाही. बसणाऱ्याला मान वर करून छपराच्या टोकापर्यंत मोकळे पाहता येते. कोपऱ्यांत सहा मिलीमीटरच्या त्रिकोणी पाट्या वेल्ड कराव्यात. खांब आणि तुळई यांच्या कोनात दोन-दोन फुटांचे तिरपे आधार द्यावेत. गझेबो डुलत नाही तो या आधारांमुळे, आणि त्यांना थोडी कमान दिली तर जुन्या वाड्याच्या ओसरीसारखी शोभाही येते.

आकार आणि उतार

अष्टकोनी गझेबो फार देखणा दिसतो. आपल्याच जिल्ह्यात, अहिल्यानगर शहराजवळ, सोळाव्या शतकातला फराहबाग आहे. निजामशाहीतला हा अष्टकोनी महाल तलावाच्या मध्यभागी उभा राहिला. चहूबाजूंनी पाणी, चहूबाजूंनी वारा. उन्हाळा सुसह्य करण्याची ती युक्ती आजही शिकण्यासारखी आहे. पण तो महाल दगड-चुन्याचा आहे. कौलांचे किंवा पत्र्याचे छप्पर अष्टकोनी करायचे म्हणजे आठ कोनवासे, आठ कोन आणि प्रत्येक कोनावर तिरकी कापलेली दुहेरी ओळ. जितके कोन जास्त, तितक्या गळतीच्या जागा जास्त. तालुक्याच्या गावातला मिस्त्री कितीही हुशार असला तरी असे काम त्याला रोज मिळत नाही. म्हणून कौलांसाठी चौकोनी, चौपाखी छप्पर घ्यावे. पत्रा वापरायचा असेल तर षट्कोनापर्यंत जायला हरकत नाही. षट्कोन आखणेही सोपे. मध्ये खुंटी ठोकून सहा फुटांच्या दोरीने वर्तुळ काढा आणि तीच दोरी वर्तुळावर सहा वेळा टाकत जा, सहा खांबांच्या जागा मिळतात.

चौकोनी आखणी करताना खांबांच्या मध्यापासून मध्यापर्यंत 10 फूट घ्या आणि दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही 14 फूट पावणेदोन इंच आले तर चौकोन गुण्यात आहे. अर्ध्या इंचाचा फरक जमिनीवर दिसत नाही, पण वर कौले लावताना प्रत्येक ओळीत तो वाढत जातो.

उतार तीस अंशांचा ठेवावा. सुताराच्या भाषेत सांगायचे तर आडव्या एका फुटाला सात इंच चढ. खांबांच्या बाहेर दीड फूट वळचण धरली तर मध्यापासून कडेपर्यंत साडेसहा फूट होतात आणि छपराची उंची येते पावणेचार फूट. कोनवाशाची लांबी बरोबर दहा फुटांच्या आसपास येते, म्हणजे वीस फुटी पाइपमधून दोन कोनवासे निघतात आणि तुकडा वाया जात नाही. तुळई आठ फुटांवर ठेवली तर वळचणीची कड सात फुटांच्या जरा वर राहते. उंच माणूसही न वाकता आत येतो, आणि छप्पर एकूण उंचीच्या सुमारे एक तृतीयांश दिसते. हे प्रमाण डोळ्याला भावते. छप्पर बुटके ठेवले तर गझेबो बसथांब्यासारखा दिसतो आणि फार उंच केले तर वाऱ्याला आयते तोंड मिळते.

वळचण दीड फुटापेक्षा कमी करू नये. पैसे वाचवायला लोक इथेच कात्री लावतात. मग ऊन कट्ट्यावर येते, पावसाची झड आत येते आणि खांबांचे तळ भिजतात. मात्र अडीच-तीन फूट वळचणही नको, कारण वारा तिलाच पहिल्यांदा धरतो. जोत्याची कड खांबांच्या बाहेर एक फूट असावी. म्हणजे पागोळ्या जोत्याच्या पलीकडे पडतात. त्या जागी नऊ इंच रुंद चर काढून खडी भरावी आणि चराचा उतार लिंबाच्या आळ्याकडे न्यावा. 500 मिलीमीटर पावसात या छपरावर जवळपास आठ हजार लिटर पाणी पडते. त्यातले सहा हजार जरी झाडांना लागले तरी आपल्या भागात ते थोडे नव्हे. पन्हळी लावल्या तर पाणी जास्त मिळेल, पण बागेतल्या गझेबोच्या वळचणीला प्लास्टिकची पन्हळ शोभत नाही.

वर काय घालायचे?

माझे मत विचाराल तर मंगलोरी कौले. 1865 मध्ये बासेल मिशनच्या लोकांनी मंगळूरला या कौलांचा कारखाना काढला आणि पाहता पाहता ती पश्चिम भारतभर पोचली. कोकणासाठी ती पावसामुळे उत्तम ठरली. श्रीगोंद्यात ती वेगळ्या कारणासाठी उत्तम आहेत. एक तर ती तापली तरी पत्र्याइतकी आग ओकत नाहीत, आणि दुसरे त्यांचे वजन. आपल्या 13 फुटी छपराची चारही पाखी मिळून 195 चौरस फूट होतात. त्यावर पावणेतीनशेच्या आसपास कौले लागतात आणि एक कौल सुमारे अडीच किलोचे धरले तर एकूण वजन 680 किलोच्या घरात जाते. वर मोजलेला वाऱ्याचा 700 किलोंचा जोर आठवा. निम्म्या जोराच्या वळवाला ही कौले नुसत्या वजनाने तोंड देतात.

वजनावर सगळे सोडून मात्र चालत नाही. वारा एकेक कौल उचलतो, आख्खे छप्पर नव्हे, आणि सुरुवात नेहमी कडेपासून करतो. कौलाच्या खालच्या बाजूला नाकासारखा उंचवटा असतो, त्यात भोक असते. वळचणीच्या दोन ओळी, प्रत्येक कोनाच्या दोन्ही बाजूंची कौले आणि टोकाजवळची ओळ या भोकातून गॅल्व्हनाइज्ड तारेने रिपेला बांधून घ्यावी. काम दोन-तीन तासांचे, पण सांगितल्याशिवाय कोणी करत नाही.

कौले घेताना दोन एकमेकांवर हलकी आपटून पाहा. आवाज खणखणीत आला पाहिजे. बद्द आवाज म्हणजे भाजणी कच्ची किंवा आत चीर. चार-पाच कौलांच्या खाचांत पाणी भरून रात्रभर ठेवा. खालून थेंब गळू लागले तर तो माल परत करा. रिपांमधले अंतर कौल हातात घेऊनच ठरवा. साधारण साडेबारा इंच येते, पण कारखान्यागणिक फरक पडतो. आधी रिपा ठोकून मग कौले आणली तर एकतर कौल रिपेवर अडकत नाही किंवा सांधा उघडा राहतो. पहिली, म्हणजे वळचणीची रीप इतर रिपांपेक्षा एका कौलाच्या जाडीएवढी उंच घ्यावी, नाहीतर शेवटची ओळ नाक खाली करून बसते आणि दुरूनही ते खुपते.

कोनांवर कौले तिरकी कापावी लागतात. ग्राइंडरला दगड कापायची चकती लावून, कौल ओले करून कापावे. कापणाऱ्याने नाका-तोंडाला फडके बांधावे. कोनावर सिमेंटचा जाड थर थापून वर कोनाची कौले बसवण्याची पद्धत आहे, पण इथल्या उन्हात तो थर लवकरच तडकतो आणि गळती तिथूनच सुरू होते. त्याआधी कोनवाशावर नऊ इंच रुंद गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची, मध्ये वाकवलेली पट्टी अंथरा. मग सिमेंट तडकले तरी पाणी पट्टीवरून खाली जाते. कापकामात तुटणारी धरून वीस टक्के कौले जास्त मागवावीत.

कौलांचा खर्च किंवा वजन झेपत नसेल तर पत्रा. त्यात कमीपणा काही नाही, फक्त काम नीट हवे. रंगीत पत्रा घ्यायचा तर फिका घ्यावा. गडद निळे आणि लाल पत्रे दिसायला झोकदार, पण दुपारी त्यांच्याखाली बसवत नाही. पत्रा ग्राइंडरने कापू नये. उडणाऱ्या ठिणग्यांचे कण पत्र्याच्या रंगात रुततात आणि पहिल्याच पावसात गंजाचे ठिपके उठतात. त्यासाठी पत्र्याची कात्रीच वापरावी. तिरकी कापणी करून उरलेला तुकडा फेकू नका. अर्धा फिरवून तो पुढच्या पाख्याच्या त्याच बाजूला बसतो. उत्तर आणि दक्षिण पाख्यांवर पत्रे घालायला पूर्वेकडून सुरुवात करावी, म्हणजे आषाढातला पश्चिमेचा वारा सांध्यात शिरत नाही. नालीदार पत्र्याचे स्क्रू उंचवट्यावर मारावेत, खोलगट भागात नव्हे, आणि प्रत्येकाखाली रबरी वॉशर हवा. वॉशर दबला पाहिजे, पण चिरडून बाहेर आला की समजा जास्त आवळले. मधल्या भागात स्क्रूंचे अंतर थोडे मोकळे चालते. वळचणीला आणि कोनांलगत मात्र दर दुसऱ्या उंचवट्यावर स्क्रू हवा.

पत्र्याची उष्णता तोडायला आतून बांबूचा तट्टा लावावा. बुरुडाकडून जाड विणीचा तट्टा घ्या आणि पत्रा व तट्टा यांत दोन-तीन इंच मोकळी पोकळी ठेवा. पत्र्याला चिकटवलेला तट्टा फारसे काही करत नाही, काम करते ती मधली हवा. बांबूला भुंगा लागतो, म्हणून तट्टा बसवण्याआधी टाकणखार आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवावा. शंभर लिटर पाण्याला तीन किलो टाकणखार आणि दोन किलो बोरिक ॲसिड पुरते. तट्टा दोन-तीन दिवस आणि आख्खे बांबू गाठी आतून फोडून आठवडाभर त्यात ठेवावेत आणि सावलीत वाळवावेत. हे औषध पाण्यात विरघळते, त्यामुळे पावसात उघड्या राहणाऱ्या बांबूला त्याचा उपयोग टिकत नाही. छपराखालच्या बांबूला उत्तम. शिवाय गझेबोत बसणारा माणूस छप्पर आतूनच पाहतो. तट्ट्याची वीण, त्यावरून जाणारे कोनवासे आणि टोकाला जमणाऱ्या चार रेषा, ही खरी शोभा आहे. तिथे पीव्हीसीचे चकचकीत पॅनेल लावू नका.

उसाच्या पाचटाचे छप्पर करावे का, असे कोणी ना कोणी विचारतेच, कारण पाचट आपल्याकडे फुकट मिळते. गवताचे किंवा पाचटाचे छप्पर गार असते यात शंका नाही. पण त्याला तीस नव्हे, पंचेचाळीस अंशांचा उतार लागतो आणि थरही सहा ते आठ इंचांचा लागतो. पाचट दर एक-दोन वर्षांनी बदलावे लागते. उंदीर आले की मागोमाग सापही येतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आग. तोडणी झाल्यावर शेजारच्या फडात पाचट पेटवले की ठिणग्या वाऱ्याबरोबर कुठे जातील सांगता येत नाही. ज्या गझेबोत मुलेबाळे बसणार, त्यावर मी पाचट सुचवणार नाही. पारदर्शक पॉलीकार्बोनेटही नको. त्याखाली ऊन कोंडते आणि काही वर्षांत ते पिवळे पडते. सिमेंटचे जुने ॲस्बेस्टॉसचे पत्रे कोणी स्वस्तात देत असेल तरी घेऊ नका. ते कापताना उडणारी धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते.

माळवदाकडून घ्यायचे ते एकच

नगर जिल्ह्याच्या या भागात जुनी घरे माळवदाची होती. लाकडी तुळयांवर किलचण, त्यावर पालापाचोळा आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. कमी पावसाच्या आणि कडक उन्हाच्या मुलखाने शोधलेले हे उत्तर होते आणि अशा घरात दुपारी किती गारवा असायचा हे अनेकांना आठवत असेल. ती आठवण जपायची म्हणून काही जण गझेबोवर मातीचे माळवद घालायचे म्हणतात. ते करू नये. या मापाच्या जागेवर सहा इंच माती म्हणजे साडेतीन टनांहून जास्त वजन, तेही भिंतींशिवाय, चार खांबांवर. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि मातीची जड छपरे अंगावर कोसळून किती माणसे गेली, हे महाराष्ट्र विसरलेला नाही.

माळवदाकडून घ्यावे ते सवणे. धूर आणि गरम हवा निघून जायला छताला ठेवलेले ते भोक. गझेबोच्या टोकालाही तसेच करता येते. चारही कोनवासे जिथे भेटतात तिथे दोन फुटांचा चौकोन उघडा ठेवा आणि त्यावर सहा इंच उंचीवर तीन-साडेतीन फुटांचे छोटे चौपाखी छप्पर बसवा. गरम हवा वर चढून तिथून निघते आणि खालून गार झुळूक आत येते. वळवात छपराखाली कोंडणाऱ्या वाऱ्यालाही वाट मिळते. मधल्या फटीला बारीक जाळी मारावी, नाहीतर चिमण्या आणि गांधीलमाश्या घर करतात. हे छोटे छप्परही मोठ्याच्या सांगाड्याला बोल्टने आवळलेले हवे. दोन मजली छपराचा हा घाट बागेत फार डौलदार दिसतो. वर कळस बसवायचा तर तांब्याचा गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर थेट ठेवू नका, कारण तांब्यावरून ओघळलेले पाणी जस्ताचा थर खाते. मातीचा किंवा लोखंडाचा चालतो.

वेली, वीज आणि वेळापत्रक

पश्चिमेचे तिरपे ऊन कोणतीही वळचण अडवत नाही. त्यासाठी पश्चिमेच्या बाजूला फुटभर अंतरावर स्वतंत्र जाळी उभी करून तिच्यावर वेल चढवावा. मधुमालती, जाई, कृष्णकमळ किंवा दोडका-घेवडा, जो आवडेल तो. वेल छपरावर मात्र जाऊ देऊ नये. मधुमालतीचे वजन बघता बघता वाढते, तिची पाने वाऱ्याला शिडासारखी धरतात आणि फांद्या कौलांच्या सांध्यांत शिरून कौले उचलतात.

गझेबो चिंचेच्या किंवा कडुनिंबाच्या वाळक्या फांदीखाली बांधू नका. आणि घरातल्या सगळ्यांना एक गोष्ट निक्षून सांगा: विजा कडाडू लागल्या की गझेबोत थांबायचे नाही. उघड्या रानातले छप्पर, मग ते कौलांचे असो की पत्र्याचे, विजेपासून वाचवत नाही. पक्क्या घरात जायचे.

कामाचा क्रम असा धरावा. संक्रांतीनंतर खड्डे आणि काँक्रीट, म्हणजे पाणी मारून ते नीट पक्के व्हायला गार दिवस मिळतात. पाडव्यापर्यंत लोखंडी सांगाडा उभा. वेल्डिंगच्या प्रत्येक जागेवरची खपली ठोकून काढून तिथे आधी जस्ताचा प्राइमर आणि मग रंग. अक्षय्य तृतीयेच्या आत छप्पर चढलेले आणि बांधलेले असावे, कारण त्यानंतर वळवाचा नेम नसतो. अर्धवट चढवलेले छप्पर पुऱ्या छपराहून लवकर उडते. म्हणून पत्रे किंवा कौले टाकून मजूर दोन दिवस दुसऱ्या कामाला गेले, असे होऊ देऊ नका.

पुढे दरवर्षी मृग लागायच्या आधी एकदा शिडी लावावी. जुन्या घरांची शाकारणी व्हायची तीच वेळ. तारा ताणलेल्या आहेत का, वानरांनी कौले सरकवली आहेत का, स्क्रूंचे वॉशर तडकले आहेत का, तुळईच्या कोपऱ्यांत रंगाला फोड आले आहेत का, आणि आत टोकाला आग्या मोहोळ तर नाही ना, हे पाहायला तासभर पुरतो. मोहोळ असेल तर स्वतः हात न लावता जाणकाराला बोलवावे. आणि पहिल्याच खेपेला वीस-पंचवीस कौले जास्तीची घेऊन ती घरामागे सावलीत उभी रचून ठेवावीत. पाच वर्षांनी गारपिटीत चार कौले फुटली आणि तुम्ही नवी आणायला गेलात, तर साचा बदललेला असतो आणि नवे कौल जुन्याच्या खाचेत बसत नाही.